गाडीच्या तळाला ब्रशने कोणता रंग लावावा?

गाडीचा वरचा रंग विटला किंवा दारावर ओरखडा उमटला, तर ते मालकाच्या रोज डोळ्यांत खुपते. तळाचे तसे नाही. गाडी रॅम्पवर चढल्याशिवाय तळाचा पत्रा कोणी पाहत नाही आणि पाहिला तरी चिखलाच्या थराखाली काय चालले आहे ते कळत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत हे दुर्लक्ष बरीच वर्षे खपून जाते. अलिबाग, गुहागर, मालवण, पणजी अशा पट्ट्यात वावरणाऱ्या गाडीला मात्र ते खपत नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट वरचेवर धरणारी गाडी प्रत्येक खेपेला खाडीच्या पाण्याने भिजलेल्या उतारावरून चढते-उतरते आणि चाकांनी उडालेले तेच खारे पाणी मडगार्डच्या आत जाऊन बसते. त्यात मालकाला पुळणीवर गाडी घालण्याची हौस असेल, तर उरलेसुरले कामही होऊन जाते. आठ-दहा वर्षांनी पत्र्याला पोपडे धरलेले दिसले की हा मालक हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि तळासाठी टिकाऊ रंग मागतो. दुकानदार त्याच्यापुढे रेड ऑक्साइड, काळे बिटुमिन, रबराइज्ड कोटिंग, झिंक प्रायमर, टू-पॅक इपॉक्सी असे चार-पाच डबे मांडतो, आणि जवळजवळ प्रत्येक डब्यावर तो गंजरोधक असल्याचे छापलेले असते.

डब्यावरचा दावा बहुतेक वेळा खोटा नसतो. प्रत्येक रंग कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर चांगला टिकतो. आपला पृष्ठभाग त्यातला आहे का, एवढाच प्रश्न असतो. म्हणून रंग निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, ती गाडीखाली होते. नव्या पत्र्यावर उत्तम ठरणारा रंग गंजलेल्या पत्र्यावर दुसऱ्या पावसाळ्यात सुटू शकतो, आणि जुन्या डांबरी थरावर महागडे इपॉक्सी लावले तर ते नीट वाळतदेखील नाही.

गंज चढतो कसा

पोलाद गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पत्र्यावर ओलाव्याचा पातळ थर बसला की त्याच पत्र्याच्या एका ठिकाणी लोह विरघळू लागते, दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन वापरला जातो, आणि या दोहोंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. साध्या पाण्यातून हा प्रवाह मंद वाहतो, मीठ मिसळले की तो जोर धरतो. चिखलाच्या गोळ्याखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात किंवा सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली ऑक्सिजन कमी पोचतो, आणि नेमकी तीच जागा लोह विरघळण्याची होते. तळाचा पत्रा मोकळ्या सपाट भागात ठणठणीत असतो आणि चिखल साचणाऱ्या कोपऱ्यात चाळण झालेला असतो, त्याचे कारण हे आहे.

मिठाचा आणखी एक गुण कोकणातल्या गाड्यांना भोवतो. पावसाळ्यात बरणीतले जाडे मीठ जसे आपोआप पाझरते, तसेच पत्र्यावर चिकटलेले समुद्री मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरायला लागते. म्हणजे किनाऱ्याजवळच्या गाडीचा तळ पाऊस नसतानाही पुरता कोरडा होत नाही. हवामानाच्या गंजकारकतेचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात ‘सी-५’ हा अतितीव्र वर्ग आहे आणि त्यात उघड्या साध्या पोलादाचा पहिल्या वर्षातला ऱ्हास ८० ते २०० मायक्रॉन धरलेला आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीचा फ्लोअरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ उमगतो.

कारखान्यातून आलेले थर

रंग लावण्याआधी पत्र्यावर आज काय आहे ते ओळखावे लागते. आधुनिक कारखान्यात गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणातून जातो आणि मग विजेच्या साहाय्याने बसवल्या जाणाऱ्या प्रायमरमध्ये पूर्ण बुडवला जातो. या ‘ईडी कोट’ची जाडी साधारण २० मायक्रॉन असते, पण तो कानाकोपऱ्यात पोचलेला आणि भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. सांध्यांवर सीलंट भरतात, आणि चाकांनी खडी उडते त्या भागांवर पीव्हीसीचा जाड, रबरासारखा थर मारतात. बऱ्याच गाड्यांमध्ये काही पत्रे मुळातच जस्ताचा थर दिलेले असतात.

हे सगळे शाबूत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: तळाला काहीही रंगवू नये. शोरूममध्ये नवी गाडी घेताना अंडरबॉडी कोटिंगचे जे वेगळे पैसे लावतात, त्याने पुष्कळदा चांगल्या थरावर एक कमअस्सल थर चढतो आणि कधीकधी पाणी निघून जाण्याची भोकेही बुजतात. त्याऐवजी खारे पाणी लागल्यावर तळ गोड्या पाण्याने धुणे आणि पोकळ भागांत मेण फवारणे, हे पुरेसे असते. ब्रश आणि रंगाचा डबा हातात घ्यायचा तो मूळ थर जिथे फुटला आहे किंवा सुटला आहे, तिथेच.

ही तपासणी करताना गाडी निव्वळ जॅकवर उचलून कधीही खाली शिरू नये. रॅम्प असावा, नाहीतर मजबूत लोखंडी घोड्या सपाट जमिनीवर लावून त्यांच्यावर गाडी टेकवावी. तळ धुऊन, वाळवून, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जावा. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो. मागच्या मडगार्डच्या पुढच्या बाजूस, जिथे दारांखालची पोकळ सिल संपते तो कोपरा, जॅक लावण्याच्या जागा, स्पेअर व्हीलच्या खोलग्याची कड आणि सस्पेन्शन जिथे बोल्टने कसलेले असते तो भाग, या जागा आधी पाहाव्यात. पीव्हीसीचा थर बोटाने दाबल्यावर कुठे फुग्यासारखा हलला तर तो तिथे सुटलेला आहे असे समजावे आणि स्क्रॅपरने खुशाल काढावा. आत तपकिरी पाणी किंवा ओली माती निघाली तर आश्चर्य वाटायला नको. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर पत्र्यात घुसले, तर तो रंगाचा विषयच राहत नाही, तिथे सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करून घ्यावा लागतो. सस्पेन्शनच्या किंवा सीटबेल्टच्या जोडणीजवळ असे झाले असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवणेही धोक्याचे आहे.

जुना थर कशाचा आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन थर मिनिटभर चोळावा. फडके तपकिरी-काळे झाले आणि थर चिकट होऊ लागला तर तो बिटुमिनचा आहे. कारखान्याचा पीव्हीसी थर असा विरघळत नाही. हा फरक पुढच्या निवडीत निर्णायक ठरतो.

डब्यांची ओळख

रेड ऑक्साइड हा आपल्याकडचा सर्वांत परिचित प्रायमर. खिडकीच्या ग्रिलपासून ट्रकच्या चासीपर्यंत सगळीकडे तो लागतो, स्वस्त मिळतो आणि ब्रशने छान पसरतो. पण त्यातला लाल रंगद्रव्याचा भाग म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि ते स्वतः गंज रोखणारे रसायन नाही, ते रंगाला भरीवपणा देते इतकेच. संरक्षण मिळते ते झिंक फॉस्फेटसारखा गंजरोधक घटक त्यात असेल तर त्याचे, आणि अल्किड रेझिनच्या, म्हणजे रंग बांधून ठेवणाऱ्या चिकट घटकाच्या, पापुद्र्याचे. हा पापुद्रा पातळ असतो, एका हातात ३०-४० मायक्रॉनच बसतो, आणि सतत ओलावा राहिला तर कालांतराने मऊ पडतो. ग्रिलवर दरवर्षी हात मारता येतो, गाडीखाली कोणी मारत नाही. तळासाठी रेड ऑक्साइड आणि वर काळा इनॅमल ही जोडी मला कामचलाऊ वाटते, वर्ष-दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर ठीक.

झिंक प्रायमरचा व्यवहार वेगळा आहे. त्यातली जस्ताची पूड लोखंडाऐवजी स्वतः झिजते आणि पत्रा वाचवते. हे घडायला जस्ताचे कण एकमेकांना आणि खालच्या उघड्या पोलादाला टेकलेले असावे लागतात, म्हणूनच खऱ्या झिंक-रिच रंगाच्या वाळलेल्या थरात वजनाने किमान ८० टक्के जस्त असावे अशी आयएसओ १२९४४ या मानकाची अट आहे. गंजाच्या किंवा जुन्या रंगाच्या थरावर हा रंग लावला तर जस्त आणि पोलाद यांचा संपर्कच होत नाही आणि महागाचे जस्त वाया जाते. वाळूसारख्या कणांचा मारा करून, म्हणजे ब्लास्टिंग करून पांढरा केलेला सुटा भाग, जसा सस्पेन्शनचा आर्म किंवा जीपची मोकळी केलेली चासी, यासाठी तो उत्तम आहे. गाडीखाली उताणे पडून तारेच्या ब्रशने घासलेल्या पत्र्याला तो शोभत नाही. बाजारात निव्वळ ‘झिंक’ असे नाव असलेले काही पिवळे प्रायमर झिंक क्रोमेटचे असतात. त्यांतले क्रोमियम कर्करोगकारक असते, त्यामुळे ते टाळावेत आणि जुन्या गाडीवर असा थर निघाला तर तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

बिटुमिनचे काळे कोटिंग आपल्या गॅरेजांमध्ये सर्वाधिक लागते. ते स्वस्त आहे, जाड बसते, आवाज थोडा दबतो आणि लावल्या दिवशी गाडीचा तळ नव्यासारखा काळाभोर दिसतो. त्याची खोड नंतर कळते. बिटुमिन उन्हाळ्यात मऊ पडते, डिझेल-पेट्रोल आणि इंजिन ऑइलने विरघळते, आणि वर्षांमागून कडक होत जाऊन तडकते. तडकलेल्या भेगेतून पाणी आत शिरते, थराच्या मागे पसरते आणि बाहेर यायला त्याला वाट उरत नाही. वरून सगळे काळे आणि शाबूत दिसत असताना आत पत्रा सडत राहतो. त्यातही वॉशिंग केल्यावर तासाभरात, तळ ओला असतानाच मारून दिलेले कोटिंग हा तर पैसे देऊन ओलावा कोंडून घेण्याचाच प्रकार आहे. रबराइज्ड कोटिंग तुलनेने लवचिक राहते आणि उडणाऱ्या खडीचा मार चांगला सोसते, पण पत्र्याशी पकड आणि गंजापासून संरक्षण हे त्याचेही मूळ काम नाही. या दोन्ही थरांना मी वरचा कोट म्हणूनच जागा देईन, खाली पक्का प्रायमर असताना आणि मडगार्डच्या आतल्या भागापुरतीच.

गंजावर थेट लावायचे कन्व्हर्टर नावाचे द्रव हल्ली पुष्कळ विकले जातात. त्यांत फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळे आयर्न टॅनेट बनवते. सह्याद्रीतल्या हिरड्यापासून लोखंडाच्या साहाय्याने पूर्वी शाई करत, त्यामागचे रसायन हेच. लाल पत्रा डोळ्यांदेखत काळा होताना पाहून समाधान वाटते खरे, परंतु हा द्रव गंजाच्या वरच्या पातळ थरातच काम करतो. खपल्या आधी काढल्या नाहीत तर वर काळा आणि आत लाल अशी स्थिती राहते. खोल खड्ड्यांमधला जो गंज ब्रशने निघत नाही, तेवढ्यासाठी त्याचा उपयोग करावा आणि वर कोणता रंग चालतो ते त्याच्या व रंगाच्या, दोन्ही माहितीपत्रकांत पाहून घ्यावे, कारण उरलेल्या आम्लामुळे काही इपॉक्सींची पकड बिघडते.

हवेतल्या ओलाव्याने पक्के होणारे पॉलियुरेथेन, ज्यात ‘पीओआर-१५’ हे नाव जगभर माहीत आहे, ते ब्रशने लावायला सुरेख असते. पातळ असल्याने ते खड्ड्यांत शिरते, ब्रशच्या रेघा आपोआप बसतात आणि वाळल्यावर थर विलक्षण कडक होतो. मात्र गुळगुळीत रंगावर किंवा स्वच्छ चकचकीत पत्र्यावर त्याची पकड कमी पडते, त्याला थोडा खरबरीतपणा लागतो. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत उघडलेला डबा उरत नाही. झाकणाच्या कडेला रंग राहिला तर झाकण कायमचे चिकटते, आणि आर्द्रता फार असेल तर पक्के होताना निघणाऱ्या वायूचे बारीक बुडबुडे थरात अडकतात. यात आयसोसायनेट असतात, त्यांच्यामुळे दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. ब्रशने लावताना फवाऱ्याइतका धोका नसतो, तरीही बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये.

राहिले टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर अशा दोन डब्यांतले, आयत्या वेळी मिसळून लावायचे. जुन्या, थोड्याफार गंजलेल्या तळासाठी माझी निवड तीच आहे. मात्र सगळी इपॉक्सी एकसारखी नसतात. फरशीवर ओतायचे इपॉक्सी वेगळे आणि पोलादाचे वेगळे. आपल्याला हवे आहे ते ‘सरफेस टॉलरंट’ इपॉक्सी, ज्याला इपॉक्सी मॅस्टिक असेही म्हणतात. पूल, टाक्या, जहाजे यांच्या दुरुस्तीच्या कामात, जिथे ब्लास्टिंग करणे शक्य नसते तिथे, हातयंत्रांनी साफ केलेल्या पोलादावर लावण्यासाठीच ते बनवलेले असते. जोटुनचे जोटामॅस्टिक किंवा इंटरनॅशनलचे इंटरसील ६७० एचएस ही त्याची माहितीतली उदाहरणे, आणि इतर औद्योगिक रंग कंपन्याही अशी उत्पादने देतात. ते मोटारींच्या दुकानात सहसा मिळत नाही, औद्योगिक किंवा सागरी रंगांच्या विक्रेत्याकडे मिळते. त्यात घन भाग, म्हणजे वाळल्यावर मागे उरणारा भाग, सुमारे ८० टक्के असतो, त्यामुळे एका हातात शंभराहून अधिक मायक्रॉनचा थर बसतो. त्याचा ॲल्युमिनियमयुक्त प्रकार मिळाला तर तो घ्यावा. ॲल्युमिनियमचे चपटे कण थरात कौलांसारखे एकावर एक बसतात आणि ओलाव्याला आत जायला लांबचा वळसा पडतो. उन्हात इपॉक्सी पांढुरके पडते हा त्याचा मोठा दोष मानला जातो, पण गाडीच्या तळाला ऊन लागतच नसल्याने तो इथे गैरलागू आहे.

इपॉक्सीचे एक पथ्य मात्र कडक आहे. त्याच्या थिनरमध्ये तीव्र द्रावके असतात, ती जुन्या अल्किड इनॅमलला सुरकुत्या पाडून उचलतात आणि बिटुमिनला विरघळवून वर आणतात. टर्पेंटाइनच्या चाचणीत फडके काळे झाले असेल, तर तो थर पूर्णपणे खरवडून आणि टर्पेंटाइनने पुसून काढल्याशिवाय इपॉक्सीचा विचार करू नये. ते शक्य नसेल, तर सुटलेले भाग साफ करून पुन्हा बिटुमिनच लावणे आणि दर पावसाळ्यानंतर तपासत राहणे, हा दुय्यम असला तरी प्रामाणिक मार्ग आहे.

घासकाम आणि मीठ

रंगाच्या आयुष्याचा मोठा वाटा या टप्प्यात ठरतो, आणि नेमका हाच टप्पा गडबडीत उरकला जातो. आधी चिखल आणि तेल जायला हवे. तेलकट पत्रा घासला तर तेल निघत नाही, ते पसरते, म्हणून डिग्रीझर किंवा डिटर्जंटने धुणे घासण्याच्या आधी येते. मग स्क्रॅपरने खपल्या, ग्राइंडरवरच्या तारेच्या चक्राने गंज, आणि शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हात फिरवावा. तारेच्या चक्राची एक फसवणूक माहीत असावी: एकाच जागी फार वेळ फिरवले तर ते गंजालाच घासून गुळगुळीत आणि चकचकीत करते, पत्रा धातूसारखा दिसतो पण रंगाला पकड मिळत नाही. पॉलिश पेपरचा शेवटचा हात त्यासाठी. शाबूत कारखानी थराची कड पायरीसारखी न ठेवता उतरती करावी, म्हणजे नवा रंग तिथे ताणला जाऊन फाटणार नाही.

घासून झाल्यावर, किनारपट्टीतल्या गाडीसाठी पुन्हा एकदा गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे, आणि ही गोष्ट फार थोडे लोक करतात. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी मिठातले क्लोराइड दडलेले असते, घासल्यावरच ते उघडे पडते. ते तसेच ठेवून वर रंग लावला तर रंगाच्या थरातून ओलावा हळूहळू आत ओढला जातो आणि काही महिन्यांत बारीक फोड येतात. धुतल्यावर ब्लोअरने सांधे फुंकून काढावेत, पत्रा हाताला उबदार लागेपर्यंत वाळवावा आणि त्यावर येणारा नवा गंजाचा तांबूस पदर पॉलिश पेपरने काढून त्याच दिवशी पहिला हात मारावा. डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मास्क इथे अनिवार्य आहे, कारण उताणे पडून घासताना सगळे तोंडावरच पडते.

ब्रश, जाडी आणि मात्रा

फवाऱ्याने काम झटपट होते, तरी पहिला हात ब्रशनेच द्यावा असा आग्रह जहाजांच्या रंगकामात धरतात, आणि गाडीलाही तो लागू आहे. आखूड, राठ केसांचा ब्रश रंगाला खड्ड्यांत आणि सांध्यांत दाबून बसवतो, तर फवाऱ्याचा रंग खड्ड्यावर पूल बांधून मोकळा होतो. पत्र्याच्या धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो, म्हणून सगळ्या कडा, वेल्डिंगचे ठिपके, बोल्टची डोकी आणि सांधे यांना मुख्य हाताआधी ब्रशने एक वेगळा पट्टा द्यावा.

जाडीचा हिशोब सोपा आहे. ओल्या थराची जाडी गुणिले घन भागाची टक्केवारी म्हणजे वाळलेल्या थराची जाडी. ८० टक्के घन भागाचे इपॉक्सी १६० मायक्रॉन ओले लावले तर वाळून १२८ मायक्रॉन उरते. किनाऱ्यासाठी दोन हातांत मिळून अडीचशे मायक्रॉनचे लक्ष्य ठेवावे. १२५ मायक्रॉनच्या एका हाताला लिटरमागे कागदावर ६.४ चौरस मीटर भरतात. चार मीटरच्या आतल्या हॅचबॅकचा तळ लांबी-रुंदीने ६ चौरस मीटरच्या आसपास जातो. टाकी, सायलेन्सर वगैरे वजा करून आणि पत्र्याच्या घड्या धरून हिशोब पुन्हा तिथेच येतो. म्हणजे दोन हातांना, नासधूस धरून, सव्वादोन-अडीच लिटर पुरेसे आहे. दोन हातांच्या रंगछटा वेगळ्या घेतल्या, उदाहरणार्थ आधी ॲल्युमिनियम आणि मग काळा, तर कुठे ब्रश चुकला ते लगेच दिसते.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असते आणि ते बहुधा घनफळात असते, वजनात नव्हे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण इपॉक्सीत जादा हार्डनर म्हणजे कायमचा चिकट आणि कमजोर थर. मिश्रण वापरण्याची मुदत तापमानागणिक घटते, दर १० अंशांना ती ढोबळमानाने निम्मी होते, तेव्हा २५ अंशांना दोन तास टिकणारे मिश्रण मे महिन्याच्या दुपारी तासाभरातच आटोपते. अर्धा-पाऊण लिटरचे घाणे करावेत. दुसऱ्या हातासाठी माहितीपत्रकातली किमान आणि कमाल दोन्ही अंतरे पाळावीत. कमाल मुदत उलटून गेली तर पहिला थर पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय दुसरा त्याला धरत नाही. हातात नायट्राइलचे मोजे हवेत, हार्डनरची ॲलर्जी एकदा झाली की ती सुटत नाही.

हवामान निवडण्याचा औद्योगिक नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतला ओलावा दव होऊन बसू लागतो त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त असावे आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की लोकांना तळ आठवतो आणि मेअखेरीस गॅरेजमध्ये रांग लागते. त्यापेक्षा दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ बरा, फक्त थंडीतल्या दवाचा पत्रा सुकेपर्यंत, म्हणजे सकाळी नऊ-दहापर्यंत थांबावे.

काय रंगवायचे नाही

सायलेन्सर आणि त्याचे पाइप काही शे अंशांपर्यंत तापतात, तिथे यातला कोणताही रंग जळून धूर करतो. ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर, रबरी होज, बुश, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, एबीएसचे सेन्सर, अर्थिंगचे बोल्ट आणि ज्यांचे आटे पुढे उघडावे लागणार ते सगळे नटबोल्ट मास्किंग टेपने झाकावेत. प्रोपेलर शाफ्टवर जाड थर चढवल्यास त्याचा तोल बिघडतो. पानांच्या स्प्रिंगमध्ये इपॉक्सी भरू नये. इंधनाच्या टाकीजवळ ग्राइंडर चालवायचा नाही, तिथे हाताने घासायचे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचे आवरण आणि नारिंगी केबल यांना हात न लावलेलाच बरा. आणि सिल, दार व फ्लोअरच्या खोलग्यातली पाणी निघण्याची भोके रंगण्याआधी मोजून त्यांत काड्या खोचाव्यात, दुसरा हात अर्धवट सुकल्यावर काढून घ्याव्यात. एक भोक बुजले की पोकळ सिलमध्ये पाणी साचते आणि बाहेरून कितीही रंगवले तरी पत्रा आतून जातो.

त्या पोकळ भागांत ब्रश पोचत नाही, तिथे कॅव्हिटी वॅक्स हाच उपाय आहे. लांब नळीच्या तोंडाने ते आत फवारले की पातळ असताना सांध्यांत झिरपते आणि मग चिकट राहते. क्रम मात्र चुकवू नये: आधी रंग, तो पूर्ण पक्का होण्यासाठी आठवडाभर थांबणे, आणि मग मेण. मेणाचा अंश लागलेल्या पत्र्यावर कोणताही रंग धरत नाही.

रंग पक्का झाल्यावर एखाद्या आडबाजूच्या जागी ब्लेडने एकमेकांना छेदणाऱ्या चार-सहा रेघा ओढून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन जागच्या जागी राहिले तर पकड उत्तम आहे, पट्टीबरोबर निघून आले तर घासकामात कसर राहिली आहे आणि ती आत्ताच दुरुस्त करणे स्वस्त पडेल. तपासलेली जागा लगेच रंगाने भरून टाकावी. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, तळ धुऊन पुन्हा एकदा पाहावा. खडीने उडालेले टवके तेव्हा नखाएवढे असतात, आणि तेवढ्यासाठी रेझिन व हार्डनर न मिसळता घट्ट झाकणाच्या दोन वेगळ्या बाटल्यांत थोडे थोडे जपून ठेवलेले असेल, तर नवा डबा आणावा लागत नाही.